कानाच्या तपासणीत पास झालेली माणसं

मी गाव सोडलं त्या सकाळी माय मला पोचवायला आली नाही. निंदणीचे दिवस होते आणि गावातल्या पंधरा-वीस बायकांची टोळी तिच्या हाताखाली होती. तिने एक दिवस घरी राहायचं म्हणजे सगळ्या जणींनी घरी राहायचं. आबा आणि मी जीपमध्ये बसून दोंडाईचा स्टेशनला निघालो तेव्हा रस्त्यापासून आतल्या कपाशीत त्या सगळ्या ओळीने वाकल्या होत्या. माय उभी राहिली, डोळ्यांवर हात धरला आणि तिथूनच म्हणाली, "तठे पोट भरीसन जेवजो. कोनासंगे भांडू नको."

जीपचं इंजिन खोकत होतं, टपावर माणसं बसली होती, मध्ये निदान दोन शेतांचं अंतर होतं. तरी शब्द न् शब्द पोचला. जीपमधली माणसं हसली आणि मी लाजून मान खाली घातली. मायचा आवाज असाच होता. पहाटे ती गल्लीच्या तोंडाशी उभी राहून एकदाच हाक मारायची आणि वरच्या आळीतल्या बायकासुद्धा भाकरी फडक्यात बांधून बाहेर पडायच्या. आबांचं मात्र उलटं होतं. गाडी हलली तेव्हा ते खिडकीपाशी एवढंच पुटपुटले, की पत्र टाक.

याला आता सव्वीस वर्षं झाली. तुमच्यातले जे गावात राहिले त्यांना सुरत म्हणजे दिवाळीला येणाऱ्या माणसांच्या हातातलं साडीचं पुडकं एवढंच माहीत आहे. जे माझ्यासारखे इकडे आले त्यांना काही सांगायची गरज नाही, पण त्यांनीही हे वाचावं. कारण मी लिहितोय ते एका चुकीबद्दल, आणि ती आपल्यासारखीच माणसं करू शकतात.

मी सुरतेत कतारगामला एका लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, खात्यात लागलो. खातं म्हणजे कारखाना. बँकेतलं खातं इथे आमच्या बोलण्यात फारसं येत नाही. एका लांबट शेडमध्ये लूमच्या रांगा, रांगांमध्ये एक माणूस जेमतेम मावेल एवढी वाट, आणि धोटा इकडून तिकडे धावताना होणारा आवाज. तो आवाज मला लिहून दाखवता येणार नाही. पहिल्या दिवशी मी उलटी केली. संध्याकाळी बाहेर आलो तर रस्ता, रिक्षा, माणसं सगळं कापसात गुंडाळल्यासारखं होतं. सकाळी उठलो की कान परत यायचे. पुढे ते उशिरा यायला लागले, आणि कधीतरी यायचेच थांबले. कधी, ते मला सांगता येत नाही. डोळा गेला तर माणसाला तारीख आठवते, कानाचं तसं होत नाही.

मला खात्यात आणलं ते भास्करने. भास्कर बेटावदचा, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. माझ्या आधी चार वर्षं तो इथे होता. त्याने मला पहिली गोष्ट शिकवली ती धागा सांधायची नाही, तोंड वाचायची. लूम चालू असताना ओरडून काही उपयोग नसतो, हे नव्या माणसाला कळायला महिना लागतो. जुना कारीगर आवाज काढतच नाही. तो फक्त ओठ हलवतो आणि समोरचा वाचतो. शेडच्या त्या टोकाला उभ्या असलेल्या भास्करशी मी या टोकाहून अहिराणीत गप्पा मारायचो, सासऱ्याच्या भांडणापासून क्रिकेटपर्यंत. ओडिशाची माणसं त्यांच्या भाषेत, बिहारची त्यांच्या. वर्ष-दोन वर्षांत आम्ही एकमेकांच्या भाषाही ओठांवरून ओळखायला लागलो. गंमत व्हायची ती लाइट गेल्यावर. लूम थांबायचे, शेडमध्ये शांतता आणि अंधार एकदमच यायचा. आता खुशाल बोलता आलं असतं, पण तोंडंच दिसत नाहीत म्हणून सगळे गप्प उभे राहायचे.

आमचे मोठे शेठ जुन्या वळणाचे होते. त्यांच्याबद्दल वाईट बोलायला माझी जीभ उचलत नाही. माझ्या लग्नाला ते गाडी करून नंदुरबारपर्यंत आले होते. थोरल्या मुलीला शाळेत घेत नव्हते तेव्हा त्यांनी स्वतः फोन केला. आबा गेले तेव्हा मी निरोप द्यायला त्यांच्या केबिनमध्ये गेलो, तर त्यांनी उठून खांद्यावर हात ठेवला आणि ड्रायव्हरला स्टेशनवर सोडायला सांगितलं. पण हे सगळं आपण जाऊन उभं राहिलो तर. दाराशी उभं राहायचं, चप्पल काढायची, शेठनी मान वर करेपर्यंत थांबायचं. जो उभा राहिला त्याला मिळालं, ज्याला संकोच वाटला तो राहून गेला. आणि आवाजाबद्दल तर कोणी कधी उभंच राहिलं नाही. लूम म्हटलं की आवाज आलाच, असंच आम्हालाही वाटायचं आणि त्यांनाही.

मग मोठे शेठ घरी बसले आणि त्यांची मुलगी हेतलबेन खातं बघायला लागली. पस्तिशीची बाई, शिकलेली, बोलायला गोड आणि कामाला कडक. आल्या आल्या तिने पाण्याचा कूलर बसवला, संडास नवीन केले, सुट्टीचा कागद भिंतीवर लावला. आम्हाला बरं वाटलं, पण थोडं चुकल्यासारखंही वाटलं. काही न मागता मिळायची आम्हाला सवयच नव्हती. भास्कर म्हणायचा, ही बाई एवढं देते म्हणजे कुठेतरी काहीतरी काढून घेणार. मीही मान हलवायचो.

कानात घालायची रबरी बुचंही तिने आणली. पिवळी, दोरीला बांधलेली, प्रत्येकाला एक जोड. आम्ही दोन दिवस घातली. धोटा अडकला की कारीगराला ते आधी कानाने कळतं, मग डोळ्यांनी. ज्यांचे कान थोडे शिल्लक होते त्यांना बुचं घालून ते कळेना, आणि ज्यांचे गेले होते ते पायाच्या तळव्यानेच लूम ऐकायचे, त्यांना बुचांचा उपयोग काय? आठवड्याभरात ती बुचं कोसाडच्या आमच्या बिल्डिंगमध्ये पोरांच्या गळ्यात दिसायला लागली. बेनने ते पाहिलं असणार. ती रागावली नाही. ती म्हणाली, आधी कान तपासून घेऊ, मग ठरवू.

खात्यात ही बातमी आली आणि सगळे घाबरले. याला कारण होतं. आमच्यातला एक जण आधी दुसरीकडे कामाला होता. तिथे डोळ्यांची तपासणी झाली होती, चष्मे वाटले होते, आणि पुढच्या दिवाळीनंतर नंबर जास्त असलेल्या माणसांना परत बोलावलंच नव्हतं. ही गोष्ट त्याने एकदा सांगितली आणि मग ती प्रत्येकाने प्रत्येकाला सांगितली. बेन मात्र वेगळंच सांगत होती. ज्यांचे कान कमजोर निघतील त्यांना काही दिवस घडीच्या खोलीत, म्हणजे जिथे कापड तपासून घडी घालतात तिथे बसवू, यंत्रांखाली रबर टाकू, मध्ये भिंत घालू. आम्ही हे ऐकलं, म्हणजे तिच्या तोंडावरून वाचलं, आणि कोणाचाही विश्वास बसला नाही.

तपासणी ऑफिसात झाली. डॉक्टरीणबाई आणि तिच्याबरोबर एक मशीनवाला. कानांवर जाड हेडफोन लावायचे आणि आवाज आला की बोट वर करायचं. मशीनवाला समोर बसला होता आणि दर वेळी बटण दाबताना त्याचं कोपर जरासं हलायचं. ज्या माणसांनी वीस-वीस वर्षं शंभर धाग्यांतला तुटलेला एक धागा शोधला, त्यांना हे कोपर दिसणार नाही? पहिला आत गेला तो बाहेर येऊन ओठांनीच बोलला, कोपर बघ. दाराबाहेरची रांग हसली. हेडफोन झाले की डॉक्टरीणबाई हळू आवाजात शब्द म्हणायची आणि आपण ते परत म्हणायचे. पानी, किताब, दरवाजा. तिच्या तोंडावर मास्क नव्हता, हातही आडवा नव्हता. भास्करने सगळे शब्द म्हणून दाखवले, वर तिलाच सांगितलं, की मॅडम, तुम्ही जरा जोरात बोलत जा.

आम्ही सगळे पास झालो. नापास झाला तो एकटा पारोळ्याचा नवा गडी. दोनच महिने झाले होते त्याला येऊन. त्याला तोंड वाचायला अजून येत नव्हतं आणि सर्दीने कान दडले होते. बेनने त्याला औषध दिलं, दहा दिवस घडीच्या खोलीत बसवलं, आणि सर्दी गेल्यावर परत लूमवर घेतलं. म्हणजे जसं सांगितलं होतं तसंच केलं. आम्ही ते डोळ्यांनी पाहिलं. तरी कोणी जाऊन खरं सांगितलं नाही, कारण आता खरं सांगायचं म्हणजे खोटं बोललो हेही सांगावं लागलं असतं.

अहवाल आला, त्या सर्दीवाल्या गड्याखेरीज सर्वांचे कान उत्तम. बेनने तो काचेत घालून ऑफिसच्या भिंतीवर लावला. तिचा आनंद खरा होता. रबराची आणि भिंतीची गोष्ट मागे पडली, कारण खात्यात भागीदार असलेल्या तिच्या काकांनी विचारलं, की कान चांगले आहेत तर भिंत कशाला? यात तिचं काही चुकलं असं मला म्हणता येत नाही. आम्ही रोज त्या काचेसमोरून हजेरी लावायला जायचो आणि तिकडे बघायचं टाळायचो.

घरी मात्र पास होता येत नव्हतं. धाकटी मुलगी पाठ फिरवून काही बोलली की ते माझ्यासाठी बोललेलंच नसायचं. मुली आपसात गुजराती बोलतात, तीही भरभर, आणि बाप आला की हिंदीवर येतात. बायको म्हणायची, तुम्ही बोलता तेव्हा शेजारचे दार उघडून बघतात. आणि माय. आधी पत्रं होती, मग गल्लीतला फोन, मग मोबाइल. मोबाइलवर मला काही कळेनासं झालं तेव्हा नशिबाने व्हिडिओ कॉल आला होता. दर रविवारी धाकटा भाऊ तिच्यासमोर फोन धरायचा आणि मी तिचे ओठ वाचायचो. मला ऐकू येत नाही हे मी तिला कधी सांगितलं नाही, आणि ते कळेल म्हणून गावी जाणंही कमी करत गेलो. सव्वीस वर्षांत तिकडे आपण फक्त चांगल्या बातम्या पाठवायला शिकलो. पुढे तिचे दात पडले, ओठ आत गेले, आणि अहिराणी असूनही ते मला वाचता येईना. मग ती काही बोलली की मी हसायचो आणि म्हणायचो, हो माय. एकदा भावाने मला लिहून पाठवलं, की मायशी नीट बोलत जा, ती म्हणते तू काहीतरीच बोलतोस.

त्याच सुमारास भास्करला टेम्पो लागला.

दुपारची पाळी सुटत होती. आमच्या गल्लीत कापडाचे तागे भरायला टेम्पो रोज रिव्हर्स घेत येतो. भास्कर तंबाखू मळत गल्लीच्या मधोमध उभा होता, टेम्पोकडे पाठ करून. रामसेवक टेम्पो चालवतो, तो म्हणाला की त्याने हॉर्न दिला, परत दिला, गाडीचा मागे येतानाचा भोंगाही चालू होता. बघणाऱ्यांनीही हेच सांगितलं, पण बघणारे आमच्यातलेच, त्यांनी तरी काय ऐकलं असणार? भास्करचा गुडघा चाकाखाली आला.

हॉस्पिटलचं सगळं बेनने केलं. रोज येऊन जायची. तिसऱ्या दिवशी मी भास्करच्या खाटेपाशी बसलो होतो तेव्हा ती आली आणि फार संतापलेली होती. माझ्याकडे बघून सांगायला लागली, की रामसेवक खोटारडा आहे. भास्करभाईंचे कान किती चांगले आहेत त्याचा कागद माझ्याकडे आहे. याने हॉर्न दिलाच नसणार, दारू प्यायला असणार. आज मी पोलिसात लिहून देणार आणि त्याला कुठल्याच खात्याचं काम मिळणार नाही हे बघणार. आमच्यासाठी कोणी शेठ एवढं चिडलेलं मी आजवर पाहिलं नव्हतं. ती चिडली होती आमच्या बाजूने, आणि आमच्या खोट्याच्या जोरावर.

रामसेवकला मी ओळखत होतो. अमरोलीच्या पुलाशी सकाळी भेटला तर पुढे बसवून सोडायचा. दारूला तो शिवत नाही.

मी बेनच्या आडून भास्करकडे पाहिलं. ती माझ्याकडे तोंड करून उभी होती, त्यामुळे तिला तो दिसत नव्हता. त्याने आवाज न काढता ओठ हलवले.

"सांगू नको."

वीस वर्षं ज्या ओठांवर मी घरचं, गावचं, सगळं वाचलं, तेच ओठ. त्याचंही बरोबर होतं. पाय गेल्यात जमा होता, आता कानही गेले म्हणून कळलं तर त्याला कोण ठेवणार? त्याची मुलगी लग्नाची होती. आणि मीही त्याच नावेत होतो, सगळं खातंच त्या नावेत होतं. मला शौर्य वगैरे काही वाटलं नाही. कंटाळा आला होता. रोज त्या काचेसमोरून जायचा, घरी हसून मान हलवायचा, आता रामसेवकची नजर चुकवत पुलावरून जायचा. एवढ्या सगळ्याचा कंटाळा आला म्हणून मी बोललो.

"बेन, त्याला ऐकू येत नाही. मलाही येत नाही. आम्ही डॉक्टरीणबाईचं तोंड वाचलं."

हे मी हिंदीत सांगितलं आणि सगळं सांगितलं. कोपर, रांग, दुसऱ्या खात्यातले चष्मे. भास्करने तोंड भिंतीकडे वळवलं. बेन खाटेच्या कडेवर बसली. मला वाटलं आता आपलं संपलं.

"मारा पप्पा पण आवुं ज करता हता," ती म्हणाली.

मोठे शेठही हेच करत होते. काचेच्या केबिनमध्ये चाळीस वर्षं बसून त्यांचेही कान गेले होते, आणि घरी ते सगळ्यांची तोंडं वाचून हो-हो म्हणत राहायचे. कोणाला पत्ता नव्हता. एकदा देवघरात मागून हाका मारल्या तेव्हा तिला कळलं. म्हणूनच तिने आमचे कान तपासायचं काढलं होतं. केबिनमधल्या माणसाचं हे झालं तर लूमपाशी उभ्या असणाऱ्यांचं काय, असं तिला वाटलं होतं. हे तिने आम्हाला तेव्हा का सांगितलं नाही, असं मी विचारलं नाही, पण तिनेच सांगितलं. वडिलांना लाज वाटते म्हणून. मग ती मला विचारू लागली, की तुम्हा लोकांचा माझ्यावर एवढाही भरवसा नव्हता का? मी म्हणालो, बेन, भरवसा ठेवायचा कसा हेच आम्हाला कोणी शिकवलं नाही. ते तिला लागलं. खरं तर मला तिला लावायचं नव्हतं.

पोलिसात काही गेलं नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा तपासणी झाली, या वेळी डॉक्टरणीकडे पाठ करून. बेनने विचारलं आधी कोण बसतं, आणि माझ्याशिवाय कोण बसणार होतं? समोर फक्त चुन्याची भिंत. मी आवाजाची वाट बघत बसलो. बसून बसून मला वाटलं हिने अजून सुरूच केलं नाही. शेवटी खांद्यावर हात पडला. मी वळलो तर ती म्हणाली, झालं. तिने वीस शब्द म्हटले होते आणि मी एकाही शब्दाला तोंड उघडलं नव्हतं. दाराबाहेर सगळे उभे होते. या वेळी कोणी हसलं नाही.

त्यानंतर खात्यात काय बदललं ते सांगतो, पण फार मोठं काही समजू नका. लूमखाली रबर आलं, भिंत आली. तीन आठवडे लूम आणि एक आठवडा घडीची खोली अशी पाळी लागली. लूमवरच्या माणसाला घडी घालायला बसवलं की त्याला बायकी काम दिल्यासारखं वाटतं, त्यावरून कुरबूर झाली आणि दोन जण दुसऱ्या खात्यात निघून गेले. कोणाला काढलं मात्र नाही. काचेतला अहवाल बेनने स्वतः उतरवला, तिथे आता देवाचं कॅलेंडर आहे. मला सगळ्यात मोठा वाटतो तो बदल कुठल्या कागदावर नाही. हल्ली माणसं म्हणतात, परत बोल, ऐकू आलं नाही. आधी हे वाक्य आमच्या खात्यात नव्हतंच. बेनच्या केबिनशी जाऊन उभं राहणारेही कमी झालेत, कारण दर सोमवारी तीच शेडमध्ये येते आणि प्रत्येकाच्या समोर उभी राहून विचारते. काही जणांना हे अजूनही संशयास्पद वाटतं.

भास्कर आता गेटवर बसतो, खुर्चीत, तोंड गल्लीकडे करून. सहा महिने तो माझ्याशी बोलला नाही. आमच्या समोरच्याच बिल्डिंगमध्ये राहतो, खिडकीतून दिसतो. मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला आला तेव्हा माझ्या बायकोच्या हातात दिली. मग एकदा पाळी सुटताना त्याने नुसतेच ओठ हलवले, जेवना का? म्हणजे जेवलास का. मी मान हलवली. आता एवढं असतं रोज. याहून जास्त परत येईल असं मला वाटत नाही, आणि त्याच्या जागी मी असतो तर माझ्याकडूनही झालं नसतं.

गेल्या रविवारी मला कानातलं मशीन मिळालं. खात्यातल्या नऊ जणांना मिळालं. घरी येऊन लावलं तर पहिल्यांदा पिशवीचा आवाज आला, साधी प्लॅस्टिकची पिशवी, बायको भाजी काढत होती. इतका मोठा आवाज करते ती हे मला माहीत नव्हतं. मग पंखा, मग खालचा फेरीवाला, मग मुलींचं बोलणं. त्या माझ्याबद्दलच बोलत होत्या, पण वाईट नव्हतं.

संध्याकाळी मायला फोन लावला. सवयीने व्हिडिओच लावला. भावाने फोन धरला, माय पडद्यावर आली, आणि कुणीतरी म्हातारी बाई बोलायला लागली. पातळ आवाज, मध्ये मध्ये वारा गेल्यासारखा. मला वाटलं शेजारची कोणी बसली आहे. मी पडद्यावर त्या बाईला शोधायला लागलो. मग ओठ आणि आवाज जुळले.

एवढी वर्षं मी तिचे ओठ बघत होतो आणि त्यांवर कपाशीतला तो आवाज माझ्या मनाने घालत होतो. तिचा चेहरा म्हातारा होताना मी दर रविवारी पाहिला. आवाज म्हातारा झाला त्याची मला खबर नव्हती. सुरतेत दिवस कठीण गेले की मी मनात तोच ऐकायचो. तुम्हा बाकीच्यांचं घर कशात असेल ते असो, शेतात, दारात, ताटात. माझं त्या आवाजात होतं, आणि तो गावातसुद्धा केव्हाच राहिला नव्हता.

मी काही बोलत नाही असं बघून तिने पुन्हा विचारलं. बहुतेक ती दर रविवारी विचारते तेच.

"कव्हय येशी रे भाऊ?"

कधी येशील. याला दोन-अडीच वर्षं मी हसून सांगत होतो, हो माय.

मी फोन खाली ठेवला, उलटा, पडदा गादीकडे करून. तिच्याकडे बघत खोटं बोलायची मला फार सवय झाली होती. म्हणालो, "माय, आजून नक्की नही."

तिकडे ती गप्प झाली. मी तसाच बसून राहिलो, आणि मला तिचा श्वास ऐकू येत होता.